संबळ, हलगी आणि दोन स्वस्त मायक्रोफोन

तुळशीचे लग्न लागले की मराठवाड्यात लग्नसराई सुरू होते, आणि लग्नामागोमाग गोंधळ आलाच. कुणी माहूरच्या रेणुकेच्या नावाने, कुणी तुळजापूरच्या भवानीच्या नावाने चौक भरतो. दिवटी पेटते आणि संबळावर पहिली काठी पडते. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि वाघ्यांच्या दिमड्या बोलू लागतात. लातूरकडे वेळ अमावास्येची भज्जी-आंबिल संपते न संपते तोच महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेचे वेध लागतात. थोडक्यात, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आमच्या या दोन जिल्ह्यांत चामड्यावर काठी पडावयाची थांबत नाही.

हे सारे हल्ली टिपलेही जाते. गोंधळ उभा राहिला की गोंधळ्यापेक्षा उंच हात मोबाईलवाल्यांचे असतात. तेव्हा कुणाला वाटेल की आपले लोकसंगीत आता अमर झाले. पण त्यातले एखादे चित्रण घरी निवांत बसून, डोळे मिटून ऐकून पाहावे. गाणे कळते, माणसांचा गलका कळतो, मधूनच एखाद्या मोटारसायकलचा हॉर्नही स्वच्छ कळतो. कळत नाही तो फक्त संबळ.

माझ्या वर्गात गोंधळ्याच्या घरातला एक विद्यार्थी आहे. लोकसाहित्याच्या तासाला तो एकदा म्हणाला, "सर, आमच्या आजोबाचा संबळ मोबाईलमध्ये निव्वळ डालड्याच्या डब्यावानी वाजतो. उद्या त्यांचा हात थांबला तर ह्यावरून मी काय शिकावं?" प्रश्न साहित्याच्या अभ्यासक्रमातला नव्हता, पण माझ्या मते अभ्यासक्रमातल्या बऱ्याच प्रश्नांपेक्षा मोलाचा होता. गोंधळातले पद लिहून ठेवता येते. संबळावरचा हात लिहून ठेवता येत नाही. तो ऐकूनच उचलावा लागतो, आणि ऐकावयास मिळाला नाही तर गेला तो गेलाच.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते येथे मांडतो. ज्या घरात वाद्य आहे, वाजविणारा आहे आणि पैसा बेताचा आहे, अशा घरासाठी हा लेख आहे.

मोबाईलला संबळ का ऐकू येत नाही?

संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन भांडी. एक मोठे, खर्जाचे. दुसरे लहान, चढ्या आवाजाचे. दोन काठ्यांनी वाजते, आणि त्यातल्या एका काठीचे टोक वळवून गोल केलेले असते. मोठ्या भांड्याची घुमारी हळूहळू ओसरते. लहान भांड्याचा आघात मात्र टाचणी टोचावी तसा क्षणभराचा असतो. या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेतच वाजविणाऱ्याची सारी करामत असते.

मोबाईल बनविला आहे बोलण्यासाठी. त्याच्या आतला तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोन तसा वाईट नसतो. पण त्याच्या पाठीशी एक अतिउत्साही कारकून बसलेला असतो. आवाज मोठा झाला की तो दाबतो, लहान झाला की वर उचलतो, आणि सारखा राहिला तर 'हा गोंगाट' असे ठरवून पुसूनच टाकू पाहतो. माणसाच्या बोलण्याला हे ठीक आहे. संबळाच्या बाबतीत मात्र तो जोरदार आघात दाबतो, त्यामागची शांतता फुगवितो आणि खर्जाची घुमारी गोंगाटात जमा करतो. शेवटी उरतो तो डालड्याचा डबा.

काही मोबाईलांत हा कारकून रजेवर पाठविण्याची सोय असते. ती असेल तर प्रथम ती वापरावी. फुकटचा उपाय सर्वांत स्वस्त. पण तो पुरला नाही तर मायक्रोफोन घेण्याला पर्याय नाही.

कर्ण्यापासून कॅप्सूलपर्यंत

तालवाद्य टिपणे हे पहिल्यापासूनच अवघड काम. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि त्या आवाजाच्या जोरानेच सुईने मेणावर रेघ ओढावयाची. त्या काळी जोरकस वाद्याला कर्ण्यापासून लांब बसवीत, कारण जोराचा ठोका पडला की सुई उडे. १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोनचे युग सुरू झाले.

मायक्रोफोनच्या दोन मोठ्या जाती. पहिलीला डायनॅमिक म्हणतात. हिच्यात पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटविलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. ही जात दणकट. सभेतल्या पुढाऱ्यांनी हातात धरून आपटली तरी चालते. दुसरी कंडेन्सर. हिच्यात विद्युत्भारित पडदा एका पत्र्यासमोर थरथरतो. पडदा फार हलका असल्याने बारीकसारीक आघातही ती नेमका टिपते. पण तिला बाहेरून वीज लागते आणि तिचे जरा लाड करावे लागतात.

ही कंडेन्सरची जात पूर्वी फक्त श्रीमंत ध्वनिमुद्रणगृहांत दिसे. ती आपल्या घरात आली त्याचे बरेच श्रेय बेल प्रयोगशाळेतील दोघा संशोधकांना आहे. गेरहार्ड सेसलर हा जर्मन आणि जेम्स वेस्ट हा आफ्रिकी-अमेरिकन. १९६२ साली या दोघांनी असा पडदा तयार केला की ज्यावर विद्युत्भार कायमचा राहतो. त्यालाच इलेक्ट्रेट म्हणतात. मायक्रोफोन लहान झाला, स्वस्त झाला आणि टेपरेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत सगळीकडे जाऊन बसला. आज मध्यमवर्गाच्या खिशाला परवडणारे कंडेन्सर मायक्रोफोन मिळतात, त्यामागे ही साठ वर्षांपूर्वीची युक्ती आहे.

डोक्यावरचे मायक्रोफोन म्हणजे काय?

पाश्चात्त्य ड्रमच्या संचात पाच-सहा ढोल आणि तीन-चार झांजा असतात. प्रत्येकापुढे एकेक मायक्रोफोन लावावयाचा तर डझनभर लागतील. म्हणून वादकाच्या डोक्यावर, वरून खाली पाहणारे दोन मायक्रोफोन टांगतात. त्यांना ओव्हरहेड म्हणतात. साऱ्या संचाचे समग्र चित्र हे दोघे टिपतात. बाकीचे मायक्रोफोन नंतर चवीपुरते. ग्लिन जॉन्स नावाच्या इंग्रज ध्वनिमुद्रकाने तर १९६० च्या दशकाच्या अखेरीस, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मायक्रोफोन लावून मोठमोठ्या वाद्यवृंदांचे ड्रम टिपले. त्याचे नाव आजही त्या पद्धतीला चिकटलेले आहे.

आपल्याकडे वरातीच्या बँजो पार्टीत आणि भीमगीतांच्या वाद्यवृंदांत ड्रमचा असा संच असतो, त्यांना ही पद्धत जशीच्या तशी लागू आहे. पण मला अधिक मोलाचे वाटते ते दुसरेच. संबळ ही दोन तोंडांची जोडी, ढोलकीला दोन बाजू, पखवाजालाही दोन. मग दोन मायक्रोफोन वरून-समोरून लावले की आपलीही वाद्ये समग्र टिपता येतात. तोंडाला चिकटवून मायक्रोफोन ठेवला तर फक्त चामडे ऐकू येते. हात-दीड हात दूर नेला तर चामडे, भांडे, काठी आणि हात असे सारे मिळून वाद्य ऐकू येते.

निवड: काय पाहावे, काय पाहू नये

दुकानदार आपल्यापुढे आकड्यांचा कागद ठेवतो. त्यातल्या चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ग्रहणाची दिशा. कार्डिऑइड म्हणजे हृदयाच्या आकाराची दिशा असलेला घ्यावा. तो समोरचे ऐकतो आणि पाठीमागच्याकडे काणाडोळा करतो. घरातल्या कुकरच्या शिट्ट्या त्याच्या पाठीकडे ठेवाव्यात.

दुसरी, कमाल ध्वनिदाब, म्हणजे किती मोठा आवाज तो न फाटता सोसतो. हा आकडा १३० डेसिबेलच्या वर असला म्हणजे संबळ-हलगीची चिंता नको. आवाज दहा डेसिबेलने उतरविण्याचे बटण असल्यास उत्तमच.

तिसरी, जोडी. दोन्ही मायक्रोफोन एकाच जातीचे, शक्यतो कारखान्यातच जुळवून दिलेले असावेत. बैलजोडीसारखेच हे, एक खिल्लारी आणि एक देवणी जुंपला तर दोन्ही चांगले असूनही औत वाकडे चालते.

चौथी, पडद्याचा आकार. पेन्सिलीसारखे सडपातळ, लहान पडद्याचे मायक्रोफोन तालवाद्याच्या आघाताला चपळ असतात आणि कडेने येणारा आवाजही फारसा बिघडवीत नाहीत. मोठ्या पडद्याचे जाडजूड मायक्रोफोन दिसावयास भारदस्त. ते गाणाऱ्यासाठी ठेवावेत.

आणि पाहू नये ते काय? मायक्रोफोनचा स्वतःचा अंगभूत सूक्ष्म खरखराट. महागड्या मायक्रोफोनांच्या किमतीचा बराचसा भाग हा खरखराट कमी करण्यात जातो. सतारीचा विरत जाणारा सूर टिपावयाचा तर त्याला महत्त्व आहे. पण संबळ कडाडत असताना तो कुणाला ऐकू येणार? गरिबाच्या वाद्याची ही एक गंमतच म्हणावयाची: ते मोठ्याने बोलते, म्हणून त्याला स्वस्त मायक्रोफोन पुरतो.

नावेच हवी असतील तर सांगतो. बेरिंगरची सी-२ ही जुळविलेली जोडी अगदी खालच्या किमतीत मोडते. तिच्यावर आवाज उतरविण्याचे आणि खर्ज छाटण्याचे बटण आहे. तिच्या वरच्या पायरीवर रोडची एम-५ ही जोडी. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-२०२१ सुटा मिळतो, तो दोन घ्यावेत. प्रत्यक्ष किंमत मी मुद्दामच देत नाही. ती दिवाळीत एक आणि पाडव्यानंतर दुसरी असते.

स्वस्त कंडेन्सरचा एक स्वभावदोष मात्र ध्यानात ठेवावा. वरच्या पट्टीत तो अंमळ किरकिरा असतो. ड्रमच्या झांजा आणि तापवून कडक केलेली हलगी त्यात कर्कश ऐकू येते. उपाय दोन. मायक्रोफोन थोडा उंच न्यावा आणि त्याचे तोंड चामड्याच्या मध्यावर न रोखता किंचित बाजूला वळवावे. नाहीतर हलगीपुरता डायनॅमिक वापरावा. शुअरचा एसएम-५७ हा १९६५ पासूनचा डायनॅमिक असल्या कामात मुरलेला आहे.

ज्याला एवढाही पसारा नको, त्याने हातात मावणारा रेकॉर्डर घ्यावा. झूमच्या एच-१-एन सारख्या यंत्रावर दोन लहान मायक्रोफोन एकमेकांना काटकोनात छेदून बसविलेले असतात. त्याच घराण्यातला, २०२४ साली आलेला एच-१ इसेन्शियल तर ३२ बिट फ्लोट पद्धतीने टिपतो, म्हणजे आवाजाची पातळी लावण्याची कटकटही उरत नाही. तिवईवर ठेवला की झाले. संगणक नको, तारा नकोत. पहिल्या खरेदीसाठी मी बहुतेकांना हाच मार्ग सुचवितो.

खर्चाची विभागणी

अनेक जण सारी रक्कम मायक्रोफोनवर घालतात आणि मग तो दोरीने खुंटीला बांधतात. तसे करू नये. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो देणारे आणि आवाज संगणकात नेणारे दोन तोंडांचे इंटरफेस हवे. दोन आडव्या हाताचे स्टँड हवेत. तीन टाचण्यांच्या दोन तारा हव्यात. साध्या तारेत विजेची गुणगुण शिरते, या तारेत ती रद्द होते. माझा हिशोब असा: शंभर रुपयांतले चाळीस मायक्रोफोनला, तीस-पस्तीस इंटरफेसला आणि उरलेले स्टँड-तारांना. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी. डोक्यावर टांगलेली वस्तू आजोबांच्या डोक्यावर पडता कामा नये. संगणकावर काम करण्यासाठी ऑडॅसिटी हे साधन फुकट मिळते.

सुतळीचे गणित

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत स्वस्त. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे ३४ सेंटिमीटर. आता समजा, एक मायक्रोफोन संबळापासून दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटर दूर राहिला. तर सेकंदाला सुमारे १,००० कंपनांचा आवाज एकाकडे चढत्या लाटेने पोचेल तेव्हा दुसऱ्याकडे उतरत्या लाटेने पोचेल. दोन्ही एकत्र केले की लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि वाद्य पोकळ ऐकू येते. पुष्कळ जण यासाठी मायक्रोफोनला दोष देतात. दोष वीतभर अंतराचा असतो.

म्हणून सुतळी घ्यावी. जेथे संबळाची दोन भांडी एकमेकांना बांधलेली असतात, तेथे तिचे एक टोक धरावे. तेथून पहिल्या मायक्रोफोनपर्यंत ताणून गाठ मारावी, आणि तीच गाठ दुसऱ्या मायक्रोफोनपर्यंत पोचते का ते पाहावे. बसून वाजविणाऱ्यासमोर, वाद्यापासून सुमारे ७५ ते १०० सेंटिमीटर वर, एक डावीकडे व एक उजवीकडे. ढोलकीसाठी सुतळी ढोलकीच्या मध्यापासून धरावी. हलगीवाला एका जागी उभा राहत नाही, तो नाचतो. त्याच्यासाठी दोन्ही मायक्रोफोन एका ठिकाणी काटकोनात छेदून, समोर डोक्याएवढ्या उंचीवर लावावेत. दोघांची तोंडे एकाच जागी असल्यामुळे अंतराचा तंटाच उरत नाही.

नंतर परीक्षा घ्यावी. दोन्ही बाजू एकत्र करून, म्हणजे मोनो करून, ऐकावे. आवाज भरीव राहिला तर पास. तो चिरकला किंवा खर्ज गेला तर सुतळी पुन्हा काढावी. ही परीक्षा टाळू नये, कारण आपले टिपण बहुतेक लोक मोबाईलच्या एवढ्याशा तोंडातूनच ऐकणार आहेत.

खोली, पत्रा आणि वाकळ

आमच्याकडची घरे ध्वनिमुद्रणाला फारशी अनुकूल नाहीत. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा किंवा स्लॅब, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती. टाळी वाजविली की ती खोलीभर हिंडून परत येते. संबळाची प्रत्येक काठी अशीच हिंडून परत येईल. स्वस्त मायक्रोफोन चांगल्या खोलीत बसविला तर तो महागड्या मायक्रोफोनला वाईट खोलीत हरवितो, हे पक्के समजावे.

उपाय घरातच आहेत. फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर वाकळ. वादकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टाकाव्यात, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. कापसाच्या गाद्या उभ्या केल्या तर उत्तमच. वादक खोलीच्या बरोबर मध्यावर नको आणि कोपऱ्यातही नको. पंखा बंद. फ्रीज बंद, आणि काम झाल्यावर तो पुन्हा सुरू करण्याची आठवण म्हणून मोटारसायकलची किल्ली त्यातच ठेवावी. वेळ पहाटेची, तेव्हा टँकर नसतात आणि पत्राही थंड असतो. पत्रा तापला की कडकडतो, ते मायक्रोफोनला ऐकू येते.

हलगी विस्तवावर तापवून सुरात आणतात, हे सर्वांना ठाऊक आहे. विस्तव मात्र मायक्रोफोनपासून दूर असावा. पावसाळ्यात कंडेन्सर मायक्रोफोन हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावेत; दमट पडद्यावरून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येऊ लागतो.

पातळी लावताना वादकाला सांगावे की सर्वांत जोराचे वाजवून दाखवा. तो दाखवील त्याहून प्रत्यक्षात अधिक जोराने वाजवितो, हे धरूनच मोकळीक ठेवावी. आकडा उणे दहा-बाराच्या आसपास राहिला म्हणजे पुरे. टिपण एमपी-३ मध्ये न करता वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांवर करावे. तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. आजच्या हिशोबाने ती काहीच नव्हे.

काय टिपावे, आणि कसे

मायक्रोफोन आले, गोधड्या टांगल्या. आता टिपावयाचे काय? नुसता दणदणाट टिपला तर नातवाच्या हाती पुन्हा काही लागणार नाही. माझी सूचना अशी. प्रथम वादकाने स्वतःचे नाव, गाव, वाद्य आणि तारीख बोलावी. मग दहा सेकंद शांतता. मग प्रत्येक बोल तोंडाने म्हणावा आणि लगेच हाताने वाजवावा. मग नुसता उजवा हात, नुसता डावा हात. मग विलंबित, मग नेहमीची लय. आणि शेवटी मनमोकळे वादन, जितका वेळ हात चालेल तितका वेळ. प्रत तीन ठिकाणी ठेवावी. त्यातली एक वादकाच्या घरी.

आणखी एक गोष्ट, आणि ती मायक्रोफोनहून नाजूक आहे. हलगी हे आपल्याकडे नुसते वाद्य नव्हते. गावगाड्यात ते काही जातींवर लादलेले काम होते. बाबासाहेबांच्या चळवळीने स्वाभिमान जागा केला आणि अनेकांनी ती हलगी जाणूनबुजून खाली ठेवली. ते ठेवणे हादेखील इतिहास आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या 'फँड्री'त हलगी ऐकताना ही जखम आणि ही ओढ दोन्ही जाणवतात. म्हणून आपण कुणाच्या दारी मायक्रोफोन घेऊन जाऊ तेव्हा आधी विचारावे, नकार आला तर नमस्कार करून परतावे, आणि होकार आला तर बिदागी ठरवूनच वाकळ अंथरावी. टिपण कुठे वाजणार, त्यावर नाव कुणाचे असणार, हेही तेव्हाच बोलावे. फुकट वाजवून घेण्याची जुनी रीत नव्या यंत्रासह चालू ठेवणे शोभणारे नाही.

अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात भलामोठा वाद्यवृंद टिपला, आणि मराठी माणसाची छाती अभिमानाने फुगली. ते योग्यच झाले. पण मोठ्या संगीतकाराला उद्या संबळाचा खरा हात हवा झाला तर तो लॉस एंजेलिसला मिळणार नाही. तो नांदेड-लातूरकडच्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत मिळेल, आणि तो हात सत्तरीचा असेल.

यंदाच्या लग्नसराईपूर्वी दोन मायक्रोफोन, दोन स्टँड, चार गोधड्या आणि वीस हात सुतळी एवढी सामग्री ज्या घरात जमेल, तेथे पहिले टिपण मार्गशीर्ष संपण्याआधी व्हावे. काम एका पहाटेचे आहे. पहाटे मात्र आधी आजोबांना चहा द्यावा. थंडीत कातडेही आखडते आणि बोटेही.